जिनिव्हाच्या आधी पूर्व भाग

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

सोलापुरात संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीला संयुक्त राष्ट्रांत कोण घेणार, असं विचारलं आहेस. घेतात. त्यांच्या तरुण अधिकाऱ्यांच्या परीक्षेला पदवी लागते आणि वय 32 पेक्षा जास्त चालत नाही. पण त्यात संख्याशास्त्र हा विषय दरवर्षी नसतो, म्हणून इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस या सरकारी सेवेच्या परीक्षेचा अभ्यासही सोडू नकोस. फ्रेंच आत्ताच सुरू कर.

खरं सांगायचं आहे ते वेगळंच. डेन्मार्कच्या अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप 1947 पासून जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत होत्या. 1957 मध्ये त्या संशोधनासाठी भारतात आल्या आणि इथली शेती पाहून त्यांच्या विचारांची दिशाच बदलली. बायका शेतात किती राबतात, हे पुढे 1970 मध्ये त्यांनी जगापुढे मांडलं. आपल्या अर्थतज्ज्ञ देवकी जैन यांनी राजस्थान आणि बंगालच्या खेड्यांत बायकांच्या दिवसाचा तासातासाचा हिशेब मांडला, तेव्हा सरकारी पाहणीतून निसटलेलं कितीतरी काम सापडलं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत तर आकडाच आला: बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी बाई त्याला दिवसाला 299 मिनिटं देते, पुरुष 97.

हे कसं निसटतं, ते तुला सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापलीकडे दिसेल. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला 'काम करता का?' विचार. 'नाही, घरीच असते,' म्हणेल, आणि हात चालूच असतील! मजुरी हजार विड्यांवर. विडी कामगाराचं कार्ड आईच्या नावावर, पानं कातरणारी मुलगी कुठल्याच कागदावर नाही. तोच प्रश्न 'काल सकाळपासून काय काय केलंत?' असा विचारलास, तर सगळं बाहेर येतं. शक्यतो तेलुगूत विचार. मराठी येत असलं तरी घरची गोष्ट माणूस घरच्या भाषेत सांगतो.

घरी बसून दुसऱ्यासाठी मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये 177 क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. त्या संघटनेत मुलाखतीला बसशील तेव्हा आर आणि पायथन या संगणकभाषा सगळ्यांनाच येत असतील. कुठल्या प्रश्नाने बाई मोजणीतून सुटते, हे तुला ठाऊक असायला हवं. मला फार वाटतं, तिथे अशी मुलगी बसावी.

दिवाळीच्या सुट्टीत वीस घरांची प्रश्नावली कर. छापण्याआधी मला दाखव.

तुझी,
मॅडम