साठ हजारांची पेटी आणि दाराला लावलेलं पितळ

सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद होऊन वीसेक वर्षं झाली. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. २०१९ च्या पुरात सामान माळ्यावर चढवलं, त्यात एक पत्र्याची पेटी आहे, आत जुन्या लेन्स आणि एक याशिका कॅमेरा. मुंबईचा एक व्यापारी अख्ख्या पेटीचे ६०,००० रुपये रोख द्यायला तयार आहे, आठ दिवसांत कळवा म्हणतो. नणंदेचा मुलगा म्हणतो, मामी, विकू नका, यातली लायकाची लेन्स एकटीच दहा लाखांची आहे. उलट तुमची ३ लाखांची एफडी मोडून आणखी दोन दुर्मीळ लेन्स घेऊ, एसआयपीपेक्षा जास्त सुटतील. घरात १,८०,००० रुपयांचं पर्सनल लोन आहे, १५ टक्क्यांचं, २४ हप्ते बाकी. जूनमध्ये मुलीची ६५,००० फी भरायची आहे. काय करावं? सोबत अकरा फोटो.

ताई, मी आधी फोटो बघितले आणि मग आकडे. पैशाचे सल्ले देण्याच्या माझ्या धंद्यात हे उलटं झालं, पण जुन्या लेन्सचा नाद मलाही आहे आणि त्या नादापायी मी एकदा चांगला फसलेलो आहे. ते पुढे सांगतो. आधी कर्ज.

तुमच्याकडे ३ लाखांची एफडी आहे, समजा सात टक्क्यांची, आणि त्याच घरात १५ टक्क्यांचं कर्ज चालू आहे. एका हाताने सात घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने पंधरा द्यायचे. तुमचा हप्ता साधारण ८,७३० असणार, म्हणजे उरलेल्या दोन वर्षांत व्याजच साडेएकोणतीस हजारांच्या घरात जातं. एफडीतून हे कर्ज फेडून टाका. मुदतपूर्व फेडीचा आकार तीन टक्के धरला, त्यावर जीएसटी, एफडी मोडल्याचा दंड आणि तिचं बुडालेलं व्याज, हे सगळं वजा करून हातात आठेक हजारच वाचतात. फार नाहीत. पण आता जानेवारी आहे. जूनपर्यंतचे पाच हप्ते वाचले की ४३,५०० जमतात, फीला कमी पडणारे साडेएकवीस हजार उरलेल्या एफडीतून काढा. तरी नव्वदेक हजार अडीअडचणीला शिल्लक राहतात. एफडी मोडायचा दंड जास्त वाटला तर बँकेत एफडीवर ओव्हरड्राफ्ट किती टक्क्यांनी मिळतो ते विचारा. तो एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच वर असतो, पंधरापेक्षा कितीतरी बरा.

आता व्यापाऱ्याच्या आठ दिवसांना काही अर्थ उरला का? नाही. त्याला तुमची घाई कुठून कळली ते मला ठाऊक नाही, पण घाईतला माणूस पेटी विकतो आणि सवडीतला वस्तू विकतो. पेटीचा भाव करणाऱ्याने एका कुठल्यातरी वस्तूवर डोळा ठेवलेला असतो, बाकीची भरती. म्हणून पेटीत काय आहे ते बघू.

भाच्याची ‘लायका’ आधी घेतो, कारण सगळं घर तिच्याभोवती फिरतंय. फोटोत वर ‘लाइट्झ एल्मार, ५ सेंटीमीटर, एफ ३.५’ असं कोरलेलं दिसतं. लाइट्झ म्हणजे लायका बनवणारी जर्मन कंपनी. सोव्हिएत काळात फेड, झोर्की हे कॅमेरे लायकाच्या नकलेवर बनले आणि त्यांच्या लेन्सवर नंतर कुणीकुणी जर्मन नावं कोरून विकली. ओळखायची खूण साधी आहे. लेन्स समोर धरा, पुढची कडी फिरवून छिद्र बारीक करा आणि ते लहान-मोठं करणारी पाती कुठे आहेत ते बघा. अस्सल एल्मारमध्ये पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात, हात घालता येईल इतक्या जवळ वाटतात. सोव्हिएत लेन्समध्ये ती दुसऱ्या काचेच्या मागे, खोल जातात. तुमच्या सातव्या फोटोत पाती खोल आहेत. शिवाय कोरलेली अक्षरं एका ओळीत नाहीत. लायकाच्या वेट्झलारच्या कारखान्यातून अशी ओळ बाहेर पडत नसे.

आणि समजा ती अस्सल निघाली असती, तरी दहा लाख नव्हतेच. एल्मार लाखोंनी बनली आहे, चांगल्या अवस्थेतली हजारांत मिळते. दहा लाख हा आकडा दुसऱ्या लेन्सांचा आहे. उदाहरणार्थ १९६६ ची नॉक्टिलक्स ५० मिलिमीटर, एफ १.२: नेहमीच्या गोलाईपेक्षा वेगळ्या वक्राची काच हाताने घासून बनवलेली, एकूण १,७५७ नग. लायका हे नाव दोघींवर आहे म्हणून भाव एक होत नाही. पैठणी आणि पैठणीच्या काठाची साडी, दोन्हींत ‘पैठणी’ हा शब्द येतोच की.

मी फसलो ते याच नावापायी. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईत एका विक्रेत्याकडून सोनेरी मुलाम्याचा, वर जर्मन गरुड कोरलेला ‘युद्धकाळातला लायका’ अडतीस हजारांना घेतला. घरी येऊन लेन्स उतरवली. आत अंतरमापकाला टेकणारं एक बारीक गोल चाक असायला हवं. माझ्यात पाचर होती. झोर्की. बायको पाहुण्यांना अजून तो दाखवते, किमतीसकट.

बाकीच्या लेन्स. हेलिओस ४४-२, तिच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे ७७, म्हणजे १९७७ ची. सोव्हिएत लेन्सांवर बहुधा सुरुवातीलाच साल असतं. झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्याबरोबर ती आपल्याकडे भरपूर आली. पार्श्वभूमी गोल गोल फिरल्यासारखी दिसते म्हणून पोरं हल्ली हौसेने घेतात, पण दुर्मीळ अजिबात नाही. सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर, एफ १.४ पिवळी पडली आहे आणि भाचा तिला खराब म्हणतो. ती खराब नाही. तिच्या काचेत थोरियम आहे, त्याने काच वर्षानुवर्षं पिवळी होत जाते आणि अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की बरीच निवळते. मात्र संग्राहक जिच्यामागे धावतात ती हिची थोरली बहीण, आठ काचांची. तिच्यात ‘आर’ ही खूण पट्टीवरच्या ४ च्या उजवीकडे असते, तुमच्यात डावीकडे आहे.

निक्कॉर, म्हणजे निकॉनच्या लेन्स, तीन आहेत आणि तिन्ही चांगल्या. नावापुढचं इंग्रजी अक्षर म्हणजे आत किती काचा आहेत त्याची नोंद: एस म्हणजे सात, एच म्हणजे सहा, पी म्हणजे पाच. त्यातली १०५ मिलिमीटर, एफ २.५ ची निक्कॉर-पी माझ्या मते सगळ्या पेटीतली सर्वात कामाची लेन्स. स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला तो याच घराण्यातल्या १०५ ने. सासऱ्यांनी सांगलीतल्या किती नवऱ्या मुलींचे फोटो हिच्यातून काढले असतील. विकलीत तर भाव बरा येईल, पण हजारांतच.

पण यातल्या कुठल्याही लेन्सचा भाव काच पाहिल्याशिवाय ठरत नाही. खोलीत अंधार करा, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा आणि मागून मोबाईलची बॅटरी तिरकी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. धुकं दिसलं तर आतल्या तेलाची वाफ किंवा काचांमधला जुना डिंक सुटलेला. ८५ मिलिमीटरच्या लेन्सच्या कडेला मला धागे दिसतात. पुराचं पाणी माळ्यावर पोचलं नसेल, पण ओल पोचली. बुरशी वेळेत काढली तर निघते, उशीर झाला तर काचेवरचा थर खाऊन टाकते आणि किंमत निम्म्यावर येते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि बुरशीवाली बाकीच्यांपासून वेगळी. पत्र्याच्या पेटीत परत नको.

आता अकरावा फोटो. तो तुम्ही लेन्ससाठी पाठवलेलाच नाही. माळ्याच्या दाराचा आहे, पेटी कुठे होती ते कळावं म्हणून. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक जाडजूड पितळी नळकांडं लावलंय. मी फोटो मोठा करून पाहिला. त्याच्या अंगावर ‘डॅलमायर, लंडन’ असं कोरलंय, खाली ‘३ बी’, आणि बाजूला एक उभी चीर आहे.

जॉन हेन्री डॅलमायर हा जर्मनीतून लंडनला जाऊन अँड्र्यू रॉस या भिंगवाल्याचा जावई झालेला कारागीर. त्याने १८६६ मध्ये चेहऱ्यांच्या फोटोंसाठी एका लेन्सचं पेटंट घेतलं; मागची काच थोडी सैल केली की चेहरा मऊ दिसतो. बाजूची चीर छिद्राच्या पत्र्या आत सरकवायला असते, अशा लेन्समध्ये तेव्हा पाती नसत. ३ बी हा त्यातला मोठा, एफ ३ चा नमुना. काचेच्या प्लेटवर जुन्या पद्धतीने फोटो काढणारे लोक जगभर आहेत आणि ते आजही हीच लेन्स शोधतात. सगळ्या काचा शाबूत असतील तर तुमच्या दारातला हा एक नग पेटीतल्या सगळ्या लेन्सांपेक्षा भारी आहे. व्यापारी माळ्यावर चढला होता का, आणि ‘त्या पितळी डब्यासकट’ असं काही म्हणाला का, ते आठवून पाहा.

दोन गोष्टी मात्र लगेच. त्याला पितांबरी लावू नका. दिवाळीच्या आवराआवरीत हात शिवशिवतात, पण त्या पितळावर मूळचा लाखेचा मुलामा आहे आणि तो घासला की संग्राहकाच्या लेखी वस्तूची निम्मी अब्रू गेली. दुसरं, परदेशी लिलावाची स्वप्नं बघू नका. शंभर वर्षांहून जुनी, गतकाळाच्या विज्ञानाची वा कारागिरीची साक्ष असलेली वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि तशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरातत्त्व खात्याचा निर्वाळा घेतल्याशिवाय कुरिअरवाल्याच्या हाती देऊ नका. म्हणजे तुमचा भाव हा भारतातल्या गिऱ्हाइकाचा भाव. तो लंडनपेक्षा कमी येईल.

भाच्याच्या दुसऱ्या कल्पनेला माझा साफ नकार आहे. तो ज्या बातम्या वाचतो त्या अशा: २०२२ मध्ये वेट्झलारच्या लिलावात एक लायका १ कोटी ४४ लाख युरोला गेला. खरं आहे. पण ती लेन्स नव्हती, ज्याने लायका घडवला त्या ऑस्कर बार्नाकचा स्वतःचा कॅमेरा होता. आणि हातोडा पडला १ कोटी २० लाखांवर, वरचे २४ लाख घेणाऱ्याने लिलावगृहाला दिले. विकणाऱ्याच्या कमिशनचा हिशोब आणखी वेगळा. जुन्या लेन्सांचे भाव वाढले याचं कारणही बघा: साधारण २००८ नंतर आरशाशिवायचे डिजिटल कॅमेरे आले आणि कुठलीही जुनी लेन्स अॅडॅप्टर लावून त्यांवर चढवता यायला लागली. ही मागणी हौसेची आहे. हौस कधी ओसरेल ते कुणी सांगत नाही. लेन्सला व्याज नाही, लाभांश नाही, उलट तिला कोरडी हवा तुम्ही पुरवायची. विकायला गेलात की दुकानदार स्वतः विकतो त्याच्या निम्म्याने मागतो. भाच्याला शिकायचं असेल तर त्याने स्वतःच्या पगारातून पाच हजारांची हेलिओस घ्यावी, दुरुस्त करावी, विकून दाखवावी. तुमची एफडी ही त्याची शिकवणी फी नव्हे.

शिवाय, पेटी तुमची एकट्यांची नाही. मृत्युपत्र नसल्याने सासूबाई, तुमचे यजमान आणि नणंदबाई यांचे त्यात सारखे वाटे आहेत. नणंदेने काही मागितलं नाही असं तुम्ही लिहिता, पण तेव्हा दारातलं पितळ काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. आधी तिला फोन करा, डॅलमायरचं सांगा, तिघांनी मिळून साध्या कागदावर यादी करून सह्या करा. सासूबाई याशिका ठेवून घ्या म्हणतात ना? ठेवा. तशा कॅमेऱ्याचे दहा-पंधरा हजार येतील, त्यापायी त्यांचं मन मोडू नका.

विक्री मार्च-एप्रिलमध्ये करा. निक्कॉर आणि टाकुमार सुट्या, फोटोसकट, बुरशीबद्दल खरं लिहून. डॅलमायर जुन्या पद्धतीने फोटो काढणाऱ्या मंडळींत दाखवून, किमान तिघांचे भाव घेऊन. पैसे बँकेतून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, तेवढाच दंड बसू शकतो. कराचं म्हणाल तर घरगुती वापराच्या जंगम वस्तूवर भांडवली नफा लागत नाही, पण सासऱ्यांनी या लेन्स स्टुडिओच्या हिशोबात दाखवून घसारा घेतला असेल तर गोष्ट बदलते. त्यांचे जुने ताळेबंद घेऊन सीएकडे एक चक्कर मारा.

व्यापाऱ्याला सांगा, पेटी विकायची नाही, कुठली लेन्स हवी तिचं नाव आणि भाव लिहून पाठवा. तो पहिलं नाव कुठलं घेतो ते मला नक्की कळवा.

आणि आज संध्याकाळी माळ्यावर जाऊन ते पितळ उचला, सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. दाराला वीट चालेल.