वाचक विचारतात : गणितात स्थिर, मोटरवर थरथर

प्रश्न : डीसी मोटरची स्थिती पीआयडीने (चूक, चुकांची बेरीज आणि चुकीतला बदल यांवरून आउटपुट ठरवणारी पद्धत) धरून ठेवतो. गणितात क्रॉसओव्हर (लूपचा गेन १ होतो ती वारंवारता) ८ हर्ट्झला, फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्याआधी उरलेली फेजची शिल्लक) ५० अंश. मायक्रोकंट्रोलरवर लूप १० मिलिसेकंदांचा असून काढलेले आउटपुट पुढच्या टिकला (लूपच्या पुढच्या ठोक्याला) पीडब्ल्यूएममध्ये, म्हणजे मोटरला जाणाऱ्या पल्सच्या रुंदीत, जाते. मोटर थरथरत राहते. प्रोसेसर जेमतेम ३० टक्के वापरात आहे, तरी वेगवान चिप घ्यावी का?

उत्तर : चिप राहू द्या. सेन्सर वाचल्यापासून मोटरपर्यंत नवा आकडा पोचायला किती वेळ लागतो, ते आधी मोजा. पुढच्या टिकची वाट पाहण्यात १० मिलिसेकंद गेले. लिहिलेला आकडा त्यानंतर पूर्ण टिकभर तसाच राहतो; त्याचा सरासरी उशीर ५. एकूण १५ मिलिसेकंद. आता ३६० × ८ × ०.०१५ करा : फेज ४३ अंशांनी मागे पडली, ५० मधले उरले ७. एवढ्यावर मोटर शांत बसणार नाही.

गणित संपले की लगेच, समजा १ मिलिसेकंदात, पीडब्ल्यूएम लिहा. उशीर ६ वर येतो, तोटा १७ अंश, मार्जिन ३३. तेवढ्याने भागले नाही तरच लूप २ मिलिसेकंदांचा करा. मात्र केआय, केडी (पीआयडीतल्या बेरजेचा आणि बदलाचा गुणक) यांमध्ये सॅम्पलचा वेळ (एका फेरीचा वेळ) आधीच मिसळलेला असेल, तर केआयला ५ ने भागा आणि केडीला ५ ने गुणा. हे हमखास विसरले जाते. केडीतला गोंगाट मारायला फिल्टर टाकाल, तर त्याचाही उशीर हिशेबात धरा.

प्रश्न : लूपच्या शेवटी १० मिलिसेकंदांचा डिले आहे. ऑसिलोस्कोपवर मात्र कधी ११, कधी १४.५ दिसतात.

उत्तर : डिले काम संपल्यावर सुरू होतो, म्हणून कामाचा १ मिलिसेकंद त्यात मिळून ११ झाले. वरचे साडेतीन बहुधा सीरियल प्रिंटचे : ११५२०० बॉडला ४० अक्षरे पाठवायला तेवढाच वेळ लागतो, आणि बफर भरलेला असेल तर लूप तिथेच अडतो. कोड १० ने भागतो, प्रत्यक्षात गेले १४.५; त्या फेरीत डी (चुकीतल्या बदलाचा भाग) सुमारे ४५ टक्के फुगतो. फ्रीआरटीओएस (मायक्रोकंट्रोलरवरची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) असेल तर व्हीटास्कडिले काढून व्हीटास्कडिलेअनटिल घाला, म्हणजे पुढची फेरी ठरल्या वेळी सुरू होईल; प्रिंट कमी प्राधान्याच्या टास्कमध्ये हलवा. लूपच्या सुरुवातीला एक पिन टॉगल करून स्कोप पर्सिस्टन्सवर (जुन्या रेषाही पडद्यावर राहतात त्या मोडवर) अर्धा तास ठेवा. सरासरी बघू नका, सर्वांत लांब फेरी बघा.