दाढीचे सवाल: किती ठेवायची, काढली तर काय, आणि येतच नसेल तर?

दाढीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतो आहे. 'इस्लाम काय म्हणतो ते एका ओळीत सांगा' अशी बऱ्याच जणांची मागणी असते. ती पुरी होणार नाही, कारण मजहब, म्हणजे हनफी, मालिकी, शाफई, हंबली यांपैकी धर्मशास्त्राची परंपरा, बदलला की उत्तराचा नूर बदलतो. मत कोणाचं आहे ते नाव घेऊन सांगेन. माझं असेल तर माझं म्हणून सांगेन.

प्रश्न: दाढी ठेवा असं कुराणात कुठेच नाही म्हणतात. मग ती फर्ज, म्हणजे सक्तीचं कर्तव्य, कशी काय?

कुराणात हुकूम नाही, हे खरं आहे. दाढीचा उल्लेख आहे तो सूरह ताहा या अध्यायाच्या ९४व्या आयतीत. हजरत मूसा तूर पर्वतावरून परत येतात, लोक सोन्याच्या वासराच्या नादी लागलेले दिसतात, आणि ते संतापून भावालाच धरतात. तेव्हा हजरत हारून म्हणतात, 'माझ्या आईच्या लेका, माझी दाढी धरू नकोस, डोकं धरू नकोस.' मुठीत सापडावी इतकी दाढी हारून यांना होती, एवढं यातून कळतं. 'तुम्हीही ठेवा' असं यात म्हटलेलं नाही, आणि ओढून ताणून ते काढूही नये.

हुकूम येतो हदीसमधून, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या नोंदींतून. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत प्रेषितांचे साथी इब्न उमर यांची रिवायत (सांगितलेली नोंद) आहे: मुश्रिकांपेक्षा, म्हणजे अनेक देव पुजणाऱ्यांपेक्षा, वेगळे राहा, दाढ्या वाढू द्या, मिशा कातरा. मुस्लिममध्ये दुसरे साथी अबू हुरैरा यांच्याकडूनही असाच हुकूम आहे. तिथे मुश्रिकांच्या जागी मजूसी, म्हणजे इराणचे अग्निपूजक आहेत. 'कुराणात नाही, म्हणजे दीनमध्ये (धर्मात) नाही' असं म्हणणाऱ्याला माझा एवढाच सवाल असतो: जोहरच्या (दुपारच्या) नमाजच्या चार रकाती (आवर्तनं) तरी कुराणात मोजून कुठे दिल्या आहेत?

बाकी 'फर्ज' म्हणू नका. हनफी फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) इथे 'वाजिब' म्हणतात, आणि दोन्हींत फरक आहे: वाजिबही पाळावंच लागतं, पण ते फर्जच्या एक पायरी खाली.

प्रश्न: एक मौलाना म्हणतात दाढी काढणं हराम (निषिद्ध), दुसरे म्हणतात मकरूह (नापसंत), तिसरे म्हणतात ही अरबांची रीत होती. सामान्य माणसाने करायचं काय?

आधी तिघे कुठून बोलताहेत ते पाहा. हनफी, मालिकी आणि हंबली या तिन्ही मजहबांत दाढी पूर्ण काढणं नाजायज आहे, असंच प्रमाण मत आहे. मालिकींमध्ये काझी इयाझ यांनी 'मकरूह' हा सौम्य शब्द वापरला, पण मजहबचा कल हरामकडेच राहिला. अंदलुसचे (मुस्लिम स्पेनचे) इब्न हज्म (मृत्यू १०६४) तर पूर्ण दाढी काढणं हे चेहरा विद्रूप करणं आहे आणि ते जायज नाही यावर एकमत आहे, असा दावा करतात.

हा दावा अडतो शाफई मजहबपाशी. इमाम राफई आणि इमाम नववी यांनी दाढी काढणं मकरूह धरलं आणि पुढे इब्न हजर हैतमी व रमली यांनी तेच कायम केलं. गंमत अशी की खुद्द मजहबचे संस्थापक इमाम शाफई यांच्या 'अल-उम्म' या ग्रंथातल्या मजकुरावरून हरामच निघतं, असा आक्षेप त्याच मजहबच्या इब्न रिफआ यांनी घेतला होता. म्हणजे वाद घरातलाच आहे, आणि जुना आहे.

तिसऱ्या मौलानांचं मत विसाव्या शतकातलं. १९५८ ते १९६३ या काळात कैरोच्या अल-अजहर या विद्यापीठाचे प्रमुख असलेले महमूद शलतूत यांनी पेहराव आणि दाढी या गोष्टी लोकरीतीच्या मानल्या. त्याच शतकातले विद्वान यूसुफ करझावी यांनी मात्र तिथवर न जाता 'मकरूह' पसंत केलं.

माझं मत विचाराल तर 'निव्वळ अरबी रीत' हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. मक्केचे मुश्रिकही दाढ्या राखत होते. निव्वळ रीतच असती तर हुकूम देण्याची वेळ का आली असती? शिवाय मुस्लिममध्ये हजरत आयशा यांची रिवायत आहे, तिच्यात 'फितरत'च्या, म्हणजे माणसाच्या मूळ स्वभावाला धरून असलेल्या, दहा गोष्टी येतात: मिस्वाक (दातवण), नखं कापणं, बोटांची पेरं धुणं वगैरे. त्या यादीत दाढी वाढवणंही आहे. पण उलट बाजूही सांगायला हवी. अबू हुरैरा यांच्या पाच गोष्टींच्या फितरतच्या यादीत मिशी आहे, दाढी नाही. शाफई इमामांनी मकरूह म्हटलं ते काही दीन सैल करायला म्हटलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही ज्या मजहबवर नमाज, रोजा करता, त्याचंच दाढीतही ऐका. बाकी सगळं हनफी आणि आरशासमोर उभं राहिलं की तेवढ्यापुरतं शाफई, हे बरं नव्हे.

प्रश्न: 'एक मूठ' नेमकी कुठून धरायची? गालावरचे आणि गळ्यावरचे केस काढले तर चालतं का? ट्रिमरने तीन नंबर लावतो, ती दाढी धरतात का?

मूठ हनुवटीच्या खालून धरायची. हनुवटीला लागून दाढी मुठीत घ्या. मुठीखाली जे लोंबतं ते जास्तीचं. ओठाखालून मोजू नका. तसं मोजलं की निम्मी मूठ हनुवटीतच जाते आणि दाढी तोकडी राहते.

हे माप बुखारीतल्या एका नोंदीवरून आलं आहे. इब्न उमर हज किंवा उमरा करत तेव्हा दाढी मुठीत धरत आणि उरलेली कापत. अबू हुरैरा यांच्याबद्दलही असंच नोंदलेलं आहे. 'वाढू द्या' ही हदीस ज्यांनी सांगितली, तेच दोघे मुठीखालचं कापत होते, हे इथे लक्षात घ्या. ऐकणाऱ्याला हुकुमाचा अर्थ आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळला असणार, असं हनफी म्हणतात. पंधराव्या शतकातले हनफी विद्वान इब्न हुमाम स्पष्ट लिहितात की मुठीपेक्षा कमी करणं कोणीच जायज ठरवलेलं नाही.

'कोणीच' हा शब्द मला जरा जड वाटतो. हसन बसरी आणि अता या ताबईंकडून (प्रेषितांच्या साथींनंतरच्या पिढीकडून) लांबी-रुंदीतून थोडं कमी करायला हरकत नाही असं आलेलं आहे, आणि त्यांनी मुठीचं माप सांगितलेलं नाही. फार लांब दाढी इमाम मालिक यांनाही पसंत नव्हती. दुसऱ्या टोकाला इमाम नववी: दाढीला कात्री न लावणंच उत्तम. अलीकडचे इब्न बाज मुठीखालचंही कापू देत नाहीत, तर अल्बानी म्हणतात मुठीपलीकडे वाढवत नेणंच चूक. दोघेही मजहबपेक्षा थेट हदीसला धरणारेच! पण तीन नंबरची दाढी या सगळ्यांत बसवायची तर फार दाटीवाटी होते. हनफी असाल तर ती पुरी दाढी नाही. मात्र तीन नंबर आणि साफ चेहरा हे एकाच तागडीत तोलणंही मला पटत नाही. ज्याने ठेवायला सुरुवात केली आहे त्याला मुठीचं माप दाखवून परत वस्तऱ्याकडे पळवून लावू नये.

गालाचं सोपं आहे. जबड्याच्या हाडावरचे आणि हनुवटीवरचे केस म्हणजे दाढी. त्याच्या वर गालावर उगवतं ते दाढीत धरत नाहीत, काढता येतं. गळ्यावरच्या केसांवर हनफींमध्येच मतभेद आहे: ते काढू नयेत असं एक मत, आणि इमाम अबू यूसुफ यांच्या मते हरकत नाही. ओठाखालचा केसांचा झुबका मात्र दाढीतच मोजतात, त्याला हात लावू नका.

प्रश्न: वय पंचविशीपुढे गेलं तरी दाढी येत नाही, हनुवटीवर चार केस आहेत. मशिदीत लोक टोमणे मारतात. गुन्हा होतो का?

अजिबात नाही. जे उगवलंच नाही त्याचा हिशोब कोण मागणार? कैस बिन साद हे अन्सारांच्या (मदिनेच्या मुसलमानांच्या) सरदाराचे चिरंजीव, स्वतः सहाबी (प्रेषितांचे साथी), धिप्पाड आणि दिलदार. त्यांच्या चेहऱ्यावर दाढी नव्हती. अन्सार म्हणत, पैशाने दाढी विकत मिळती तर आम्ही कैससाठी घेतली असती. त्यात माया होती, टोमणा नव्हता. त्यांच्या सरदारकीला दाढीवाचून काही उणं पडलं नाही. चार केस आले असतील तर ते राहू द्या. आणि मशिदीतल्या त्या मंडळींना सांगा, मुसलमानाची टिंगल करू नका हे तर थेट कुराणात आहे, सूरह हुजुरात, आयत ११.

प्रश्न: नोकरीत दाढी काढायची सक्ती आहे. काढली तर गुनाह कोणाला?

'सक्ती' म्हणजे काय ते आधी तपासा. लेखी नियम आहे की साहेबाची नापसंती? सवलतीसाठी अर्ज केला होता का? पुष्कळदा कोणी मागितलेलीच नसते. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या एका मुस्लिम कैद्याने अर्धा इंच दाढीची परवानगी मागितली. त्वचेच्या आजारासाठी तिथे पाव इंच चालत होती, धर्मासाठी नाही. २० जानेवारी २०१५ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. दाढी कापूच नये अशी त्या कैद्याची श्रद्धा होती, अर्धा इंच ही त्याने स्वतःहून सुचवलेली तडजोड.

सगळे रस्ते खरंच बंद असतील, दुसरी रोजी नसेल आणि घर त्यावरच चालत असेल, तर मजबुरीचे नियम लागतात: गरजेपुरतंच, आणि दुसरं काम शोधत राहून. बढतीसाठी काढणं याला मजबुरी म्हणत नाहीत. तुमची मिळकत त्यामुळे हराम होत नाही, तेवढी भीती मनातून काढा.

प्रश्न: इमामसाहेबांची दाढी मुठीपेक्षा कमी आहे. मागे नमाज होते का?

होते. हनफी मुफ्ती अशा इमामाच्या मागे नमाज मकरूह म्हणतात, काही जण परत पढायलाही सांगतात. पण मकरूह म्हणजे बातिल (रद्द) नव्हे. इब्न उमर यांनी जुलमी सुभेदार हज्जाज बिन यूसुफच्या मागे नमाज पढली आहे, आणि हज्जाजच्या हाताला रक्त लागलेलं होतं. इमाम नेमताना दाढी जरूर पाहा. जमात (सामूहिक नमाज) उभी राहिल्यावर मोजपट्टी काढून वेगळी जमात मांडू नका.

प्रश्न: पांढऱ्या दाढीला काळा खिजाब (कलप) लावला तर?

मक्का जिंकली त्या दिवशी हजरत अबू बक्र यांचे वडील अबू कुहाफा यांना आणलं, केस आणि दाढी पांढरीशुभ्र. प्रेषितांनी फरमावलं, हा रंग बदला, पण काळा टाळा. ही रिवायत मुस्लिममध्ये आहे. त्यावरून नववींनी काळा हराम ठरवला, बहुतेक हनफींनी मकरूह. हनफींचेच अबू यूसुफ मात्र म्हणत, बायकोने माझ्यासाठी नटावं असं मला वाटतं, तसंच तिलाही माझ्याबद्दल वाटतं. प्रेषितांचे नातू हजरत हुसैन यांच्या केसांना वस्मा (गडद रंग देणारी वनस्पती) लावलेला होता असं बुखारीत आहे. मला सरळ वाट बरी वाटते: मेंदी आणि कतम ही रंगाची वनस्पती मिसळून लावा, हजरत अबू बक्र तेच लावत. रंग काळपट तांबूस येतो, वादही मिटतो.

प्रश्न: वुजू (नमाजआधीची हातपाय-तोंड धुणी) केल्यावर दाढी ट्रिम केली तर वुजू परत करायचा का? आणि दाट दाढीत पाणी कुठवर पोचायला हवं?

परत करायची गरज नाही. दाट दाढी असेल तर वुजूत केसांचा वरचा भाग धुतला की पुरे, ओली बोटं खालून केसांत फिरवणं सुन्नत. दाढीतून कातडी दिसत असेल तर कातडी भिजलीच पाहिजे. गुस्लमध्ये (पूर्ण स्नानात) मात्र दाढी कितीही दाट असो, पाणी मुळापर्यंत जायला हवं.

प्रश्न: कोणी जबरदस्तीने दुसऱ्याची दाढी कापली, तर शरीयतमध्ये त्याला काही शिक्षा आहे?

आहे, आणि वाचून चकित व्हाल इतकी. हनफी आणि हंबली फिकहमध्ये एखाद्याची दाढी अशी उतरवली की ती पुन्हा उगवलीच नाही, तर पूर्ण दियत लागते, म्हणजे जिवाच्या मोबदल्यात देतात तेवढी भरपाई: शंभर उंट. हनफी त्यासाठी वर्षभर थांबायला सांगतात. तोवर पहिल्यासारखी उगवली तर दियत नाही, पण कापणाऱ्याला शिक्षा होते. मालिकी आणि शाफई ठरावीक आकडा लावत नाहीत, नुकसान पाहून काझी रक्कम ठरवतो.