ट्रेल कॅमेऱ्यात नुसता ऊसच येतोय

प्रश्न : नमस्कार, आमचं शेत जुन्नर तालुक्यात आहे. विहिरीकडच्या पाणंदीत बिबट्याचे ठसे दिसले म्हणून ट्रेल कॅमेरा (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा) घेतला आणि बांधावरच्या बाभळीला छातीएवढ्या उंचीवर बांधला. आठ दिवसांनी कार्ड काढलं तर अकराशे फोटो, सगळा ऊस आणि एकात कोणाची तरी नुसती शेपटी. कॅमेरा खराब निघाला का?

उत्तर : नाही हो, कॅमेरा बहुतेक चांगलाय, बांधलाय चुकीचा. त्याचा सेन्सर उष्णतेतला फरक हलला की फोटो काढतो, त्यामुळे उन्हात तापलेलं उसाचं पातं वाऱ्यानं हललं तरी त्याला वाटतं कोणीतरी आलं, आणि उलट मे महिन्याच्या भर दुपारी हवाच जनावराच्या अंगाएवढी तापलेली असते तेव्हा खरं जनावर समोरून गेलं तरी त्याला कळत नाही. उसाकडे तोंड नकोच. पाणंदीकडे करा, शक्यतो उत्तरेला म्हणजे सूर्य थेट भिंगात येणार नाही, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधा. समोरचं गवत विळ्यानं साफ करा. कॅमेरा वाटेला अगदी आडवा असला की फोटो निघेपर्यंत जनावर पुढे गेलेलं असतं, शेपटी त्यामुळेच आली, म्हणून जरा तिरका ठेवा आणि बांधून झालं की स्वतः समोरून रांगत जाऊन फोटो येतोय का बघा.

बिबट्या कोणता ते ओळखायचं असेल तर समोरासमोर दोन कॅमेरे लागतील कारण दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या टीमनं शेतशिवारात असेच कॅमेरे लावले होते, बिबट्यांबरोबर तरसंही मिळाली, जंगल नसलेल्या भागात! मला हे फार मोलाचं वाटतं.

एक कळकळीची विनंती, कार्ड काढायला दिवसाउजेडी आणि दोघांनी जा, बोलत जा, उसात पिल्लं असली तर मादी जवळपासच असते. फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका, बघ्यांची गर्दी झाली की जनावर बिथरतं, त्यापेक्षा वनखात्याला 1926 वर कळवा. आणि कॅमेरा स्वतःच्या शेतातच ठेवा, जंगलात लावायला त्यांची परवानगी लागते.

शेपटीचा फोटो झूम करून बघा. झुपकेदार आणि टोक काळं असेल तर कोल्हा किंवा खोकड, आखूड आणि शेवटी काळी वलयं असतील तर रानमांजर, लांब, ठिपक्यांची आणि टोकाला खालून पांढरी असेल तर तुमचा बिबट्याच.