वाचकांचे प्रश्न: गाडीची वायरिंग आकृती कशी वाचायची?

प्रश्न: माझ्या जुन्या हॅचबॅकचा हॉर्न मधूनच बंद पडतो. वायरिंगची आकृती मिळवली, पण रेषांचं जाळं बघून काहीच उलगडत नाही. सुरुवात कुठून करू? (वाचक, सांगली)

उत्तर: अख्खं पान वाचायला जाऊ नका. आकृतीत आधी हॉर्न शोधा. तिथून एका बाजूने प्लसकडे आणि दुसऱ्या बाजूने अर्थकडे (गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी जोडणी) जा, आणि ही वाट पेन्सिलने गिरवा. बहुतेक आकृत्यांत प्लस वरच्या बाजूला आणि अर्थ खाली असतो. आकृती काढलेली असते ती इग्निशन बंद, बटणं सोडलेली आणि रिलेला (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) करंट नाही, अशा स्थितीत. त्यामुळे एखादा संपर्क उघडा दिसला तर तो बिघाड समजू नका. दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे ठळक ठिपका असेल तरच जोड आहे. नसेल तर त्या नुसत्या एकमेकींवरून गेल्या आहेत.

रिले असलेल्या हॉर्नच्या वाटा दोन. मोठ्या करंटची वाट अशी: बॅटरी, मुख्य फ्यूज, हॉर्नचा फ्यूज, रिलेची 30 नंबरची पिन, 87 नंबरची पिन, हॉर्न, अर्थ. दुसरी छोट्या करंटची, रिलेच्या कॉइलची: पिन 85 आणि 86. बऱ्याच गाड्यांत कॉइलच्या एका टोकाला प्लस कायम असतो आणि स्टिअरिंगवरचं बटण दुसऱ्या टोकाला अर्थ देतं. नवखा माणूस इथे हमखास फसतो. बटण सोडलेलं असताना त्याच्या तारेवर 12 व्होल्ट दिसतात आणि दाबल्यावर जवळजवळ शून्य. हे अगदी बरोबर आहे, पण प्लस बटणातून पुढे जातो असं गृहीत धरलं की सगळं उलटं वाटतं.

आता बटण दाबून रिलेचा ‘टिक’ आवाज ऐका. आवाज नसेल तर बिघाड बहुधा छोट्या वाटेत: फ्यूज, कॉइल, बटण किंवा स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरलं तरी तारांची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी). रिले काढून 85 आणि 86 मध्ये मीटर लावा. 12 व्होल्टच्या साध्या रिलेत साधारण 60 ते 100 ओहम मिळतात. क्लॉक स्प्रिंगपर्यंत जायचं तर एअरबॅग काढावी लागते. ते काम जाणकाराकडेच द्या. पिवळ्या कपलरच्या (तारा जोडणारा प्लास्टिकचा प्लग) तारांना टेस्ट लॅम्प किंवा ओहम मीटर कधीही लावू नका, एअरबॅग फुटू शकते.

‘टिक’ येतो पण हॉर्न गप्प, असं असेल तर हॉर्नचा कपलर लावलेलाच ठेवा, तारेच्या बाजूने मीटरची पिन सरकवा आणि बटण दाबून व्होल्टेज मोजा. कपलर काढून मोजण्याचा उपयोग नाही. एकाच तंतूवर तग धरून असलेली तारही भार नसताना 12 व्होल्ट दाखवते. व्होल्टेज नीट मिळत असेल तर अर्थ तपासा: काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन हॉर्नच्या अर्थ टोकावर, बटण दाबलेलं. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थचा बोल्ट काढून गंज घासा. हॉर्न बंपरमागे पाण्या-चिखलात असतो, म्हणून मधूनच बंद पडणाऱ्या हॉर्नमध्ये आमचा पहिला संशय या बोल्टवरच असतो. अर्थही ठीक निघाला तरच हॉर्न बदला.

प्रश्न: तारेवर ‘0.5 बी/आर’ लिहिलंय. दुसऱ्या गाडीच्या आकृतीत ‘बीआर’ आहे. दोन्ही एकच का? (वाचक, नाशिक)

उत्तर: नाही. 0.5 म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. जपानी पद्धतीत बी म्हणजे काळा, आर म्हणजे लाल. तिरकी रेघ असेल तर पहिला रंग तारेचा, दुसरा तिच्यावरच्या पट्टीचा. म्हणजे ही काळी तार, लाल पट्टीची. ‘बीआर’ सलग असेल तर तपकिरी. निळ्यासाठी जपानी आकृतीत ‘एल’ असतो, जर्मन आकृतीत ‘बीएल’. फोक्सवॅगन, स्कोडाच्या आकृत्यांत तपकिरी तार बहुधा अर्थची; जपानी गाड्यांत ते काम बहुधा काळी तार करते. म्हणून आधी रंगांच्या खुणांचं पान उघडा. याच जर्मन आकृत्यांत तार मध्येच तुटून टोकाला चौकटीत आकडा दिसतो. पानाच्या तळाशी तोच आकडा शोधा, तार तिथून पुढे जाते.

प्रश्न: पार्किंग लाईटचा 10 अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो. 20 चा टाकला तर? (वाचक, फोंडा)

उत्तर: अजिबात नको. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की फ्यूजऐवजी तार तापते आणि आग लागू शकते. त्याऐवजी फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांमध्ये 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असला तरी यातून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो. पार्किंग लाईट चालू करा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट आहे. मग आकृतीत फाटे कुठे फुटतात ते पाहून एकेक कपलर काढत जा: मागचा डावा, मागचा उजवा, नंबर प्लेट, डॅशबोर्ड. जो कपलर काढल्यावर बल्ब एकदम मंद होईल, त्या फाट्यात दोष. थोडा मंद उजेड उरला तर काळजी नको, तो बाकीच्या दिव्यांचा भार आहे. डिकीच्या बिजागरीपाशी वाकून वाकून सोललेल्या तारा आधी बघा.

प्रश्न: आकृतीत 4 नंबरची पिन म्हटलंय, पण कपलरवर तिथे भलत्याच रंगाची तार आहे. (वाचक, सोलापूर)

उत्तर: आकृतीत कपलर कोणत्या बाजूने दाखवलाय ते पाहा. तारांच्या बाजूने आणि तोंडाच्या बाजूने बघितलं तर पिनांचा क्रम आरशासारखा उलटतो. प्लास्टिकच्या लॉकची जागा आकृतीशी जुळवून घ्या. तरीही रंग जुळला नाही तर आकृती दुसऱ्या वर्षाची किंवा दुसऱ्या मॉडेलची असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी तिच्या भरवशावर कुठलीही तार कापू नका.