२० इंची इंजिन सोडण्याआधी ट्रान्सम पुन्हा मोजा

चौदा फुटी फायबरची बोट, ट्रान्सम (बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात) १७ इंच उंच, आणि मिळतंय ते जुनं आउटबोर्ड इंजिन लाँग शाफ्टचं, म्हणजे क्लॅम्पपासून पंख्याच्या वरच्या प्लेटपर्यंत २० इंची. ते सोडून १५ इंचीची वाट बघावी का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात काही ठरवू नका. तुम्ही टाकलेल्या फोटोत टेप ट्रान्समच्या डाव्या कडेला धरलेली दिसते, आणि बोटीचा तळ तर सरळसरळ व्ही आकाराचा आहे. त्या १७ इंचांचा इंजिनाशी काही संबंध नाही.

व्ही तळाची बोट मध्यावर सगळ्यात खोल असते आणि इंजिन मध्यावरच बसतं. तळाचा उतार १२ अंश धरला, तर मध्यापासून १८ इंच बाजूला तळ जवळजवळ पावणेचार इंच वर आलेला असतो. ट्रान्समची वरची कड सरळ असेल, तर मध्यावरची उंची २१ च्या आसपास निघेल. इंजिन बसायच्या जागी वरच्या कडेला खाच असेल, तर खाच जितकी खोल तेवढे इंच त्यातून वजा. म्हणजे बोट खरंच १७ ची असू शकते किंवा चक्क २० ची.

मोजायचं असं. बोट ट्रेलरवर पाण्यात तरंगते तशी सपाट उभी करा. एक सरळ पट्टी तळाच्या मधल्या रेषेला खालून टेकवून मागे हातभर बाहेर काढा. इंजिनाचा क्लॅम्प जिथे टेकतो त्या कडेपासून पट्टीच्या वरच्या बाजूपर्यंत उभं अंतर घ्या. फळीच्या तिरक्या अंगावरून घेऊ नका. बहुतेक ट्रान्सम १२ ते १५ अंश मागे कललेले असतात, त्यामुळे तिरकं माप अर्धा-पाऊण इंच जास्त येतं. बाजूच्या कडेवरून घेतलेल्या मापाइतकी ही चूक मोठी नाही, पण दोन मापांच्या मध्ये अडकलेल्या माणसाला तेवढीही नडते.

आता इंजिन. १५, २०, २५ आणि ३० ही कंपन्यांची ठरलेली मापं, म्हणजे शॉर्ट, लाँग, एक्स्ट्रा लाँग आणि अल्ट्रा लाँग. पण ही नावापुरती. शॉर्ट म्हणून विकलेलं इंजिन प्रत्यक्षात १६ किंवा १७ भरलेलं मी स्वतः मोजलंय. जुन्या इंजिनाच्या बाबतीत तर स्टिकरवर जाऊच नका, खालचा भाग कधी बदललेला असेल सांगता येत नाही. क्लॅम्पचा हुक ट्रान्समवर ज्या आतल्या पृष्ठभागाने बसतो, तिथून पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटपर्यंत मोजा, इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या पायाला समांतर. पुष्कळ जण पंख्याच्या मध्यापर्यंत किंवा खालच्या पात्यापर्यंत मोजतात आणि शॉर्ट इंजिनाला लाँग समजून घरी घेऊन येतात.

त्या प्लेटला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. मीही म्हणतो, सवय. खरं तर तिचं काम वेगळं आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावरचा दाब इतका पडणं की पाणी तिथल्या तिथे उकळून बुडबुडे होतात. ही प्लेट अडवते ती वरून ओढली जाणारी हवा, म्हणजे व्हेंटिलेशन. पंख्यात हवा गेली की त्याची पकड सुटते, इंजिन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. शाफ्टची सगळी भानगड या एका प्लेटपाशी येऊन थांबते: ती बोटीच्या तळाच्या पातळीत, किंवा फार तर इंचभर खाली-वर हवी.

शाफ्ट कमी पडला तर काय होतं ते मी पैसे मोजून शिकलोय. पहिल्या बोटीला मी कडेवरचंच माप घेऊन शॉर्ट इंजिन लावलं होतं. सरळ चालताना ठीक वाटायचं. वळण घेतलं किंवा मागून लाट आली की पंखा हवा खायचा आणि आरपीएम एकदम वर. मी मात्र पंख्यालाच दोष देत राहिलो, एक पंखा बदललासुद्धा. एक दिवस मागून पडणारी पाण्याची धार बंद झाली आणि अलार्म वाजला. पाणी ओढायच्या जाळ्या वरचेवर हवेत येत होत्या, पंप कोरडा फिरत होता. उघडून पाहिलं तर इम्पेलरचं, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाचं, रबर झिजून गेलेलं. इंजिनाचं डोकं (सिलिंडर हेड) वाचलं ते केवळ नशीब.

शाफ्ट जास्त झाला तर इतकं रडू येत नाही, फक्त इंजिनाचा पाय पाण्यात जास्त बुडतो. ओढ वाढते, बोट प्लेनवर यायला (वेगात उचलून पाण्यावरून सरकायला) वेळ घेते, मागे पाण्याचे फवारे उडतात, सुकाणू जड लागतं आणि उथळ पाण्यात पंखा आधी आपटतो. इंच-दोन इंचाचा फरक हळू चालणाऱ्या बोटीला जाणवतही नाही. शिडाच्या बोटीवर तर सहायक इंजिन मुद्दाम लांब शाफ्टचं घेतात, कारण लाटेवर मागचा भाग उचलला की शॉर्ट इंजिनाचा पंखा बाहेर येतो. तुमची बोट मात्र वेगाने पळायची आहे, तिला जास्तीचे तीन इंच सोसणार नाहीत.

तेव्हा मध्यावरचं उभं माप आणि इंजिनाचं प्रत्यक्ष माप शेजारी ठेवा. ट्रान्सम १९ ते २१ आला तर डोळे झाकून २० वालं घ्या. १६-१७ आला तर शॉर्टची वाट बघा, फक्त ते शॉर्ट प्रत्यक्षात किती भरतं हे घेण्याआधी मोजा. १८ च्या आसपास आला तर मी लाँगच घेईन आणि ट्रान्समवर टणक लाकडाची दीड-दोन इंची पट्टी बसवून इंजिन उचलीन. पट्टी नुसती ठेवायची नाही. आरपार बोल्ट, भोकं नीट सील केलेली, आणि क्लॅम्पचे स्क्रू पट्टीवर न येता मूळ फळीवरच घट्ट बसायला हवेत. वर सुरक्षेची साखळी. दोन इंचांच्या वर उचलायचं असेल तर जॅक प्लेट घ्या, म्हणजे ट्रान्सम आणि इंजिनाच्या मध्ये बसणारा वर-खाली होणारा ब्रॅकेट. ती इंजिनाला मागेही सरकवते, म्हणून साधारण फूटभर मागे गेल्यावर इंचभर आणखी वर घ्यावं लागतं, कारण तळाच्या मागे पाणी वर येतं.

उलट उपाय, म्हणजे शॉर्ट इंजिन बसावं म्हणून ट्रान्सम कापून खाली घेणं, कुणी सुचवेल. ऐकू नका. मागून येणाऱ्या लाटेला अडवायला तीच भिंत आहे. शॉर्टचं लाँग करायचे किटही काही मॉडेलांना मिळतात, पण शाफ्ट, पाण्याची नळी, गिअरची दांडी, मधला हाउसिंगचा तुकडा असं सगळं बदलावं लागतं. जुन्या इंजिनावर तो खर्च क्वचितच परवडतो.

इंजिन बसवल्यावर पाण्यात उतरवून पूर्ण वेगाला कुणाला तरी मागे वाकून प्लेट बघायला सांगा, लाइफ जॅकेट घालून. ती पाण्याच्या पृष्ठभागाला घासत चाललेली दिसली पाहिजे. बोल्टचं इंजिन असेल तर एकेक भोक, म्हणजे साधारण पाऊण इंच, वर घेत जा. वळणात पंखा हवा खायला लागला की एक भोक परत खाली. क्लॅम्पच्या इंजिनाला भोकं नसतात, तिथे लाकडाच्या पट्टीची जाडी बदलून तेच करायचं.

मध्यावरचं माप आणि इंजिनाचं माप दोन्ही इथे टाका, पट्टी किती जाड लागेल ते सांगतो.