मागे सरकूनही निऱ्या का दिसत नाहीत?

प्रश्न : लालबागच्या चाळीत आमची खोली दहा बाय बाराची. भिंतीवर दीड फुटी आरसा आहे. साडी नेसल्यावर निऱ्या दिसाव्यात म्हणून मी मागे सरकत पार दाराला टेकते, तरी कमरेखालचं काही दिसत नाही. का?

उत्तर : ताई, दार ओलांडून गॅलरीत गेलात तरी दिसणार नाही! आरशावर किरण ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. त्यामुळे पावलांकडून निघालेला किरण, पावलं आणि डोळे यांच्या बरोबर मध्यावर आरशाला लागला तरच डोळ्यांत येतो. मागे गेल्याने हा मध्य खाली सरकत नाही.

करून बघा. एक डोळा मिटा, मंगळसूत्राच्या वाट्या दिसतात तिथे आरशावर टिकली लावा आणि ताठ राहून मागे जा. वाट्या टिकलीमागेच राहतील. वर्गात हे करून दाखवलं की मुलं दहादा मागेपुढे जायची, मला फार आनंद व्हायचा.

तुमचे डोळे जमिनीपासून 150 सेंमीवर धरू. आरशाची खालची कड 75 सेंमीवर आणा, पावलांपासून कमरेपर्यंत सगळं दिसेल. चेहराही हवा, तर उंचीच्या निम्मा आरसा लागेल. तोवर आहे तोच आरसा वरून थोडा पुढे झुकवा. 5 अंश झुकवला की परतणारा किरण 10 अंश वळतो. आणि हो, तेव्हा मात्र मागे सरकण्याचा उपयोग होतो.